केरी म्हणजे पेडण्याची केरी

गोव्यात केरी नावाची तीन गावं आहेत. एक पेडणे तालुक्यात, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे. दुसरी सत्तरीत, अंजुणे धरणाजवळ, चोर्ला घाट चढायच्या आधी. तिसरी फोंडा तालुक्यात, विजयादुर्गेची. म्हणून इथला माणूस नुसतं 'केरी' म्हणून थांबत नाही, पुढे तालुका जोडतो. गेल्या चवथीला पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाने मात्र आमच्या डिचोलीच्या घरातून निघताना फोनमध्ये नुसतं 'केरी' टाकलं. फोनने जवळची केरी निवडली. साखळी मागे पडली, समोर डोंगर मोठे होऊ लागले, तेव्हा त्याचा फोन आला, "अगं ताई, समुद्र नक्की कुठल्या बाजूला आहे?"

मावसभाऊ तिशीतला आहे. त्याने गाडी वळवली आणि वाटेत साखळीला चहा पिऊन योग्य केरीला पोचला. माझ्या बाबांचं तसं नाही. बाबा एकाहत्तर वर्षांचे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. गाडी २०१४ ची, छोटी, जीए-०४ नंबरची, म्हणजे डिचोलीचीच. दर शनिवारी आई-बाबा आत्याकडे जातात. आत्या शहात्तरची, केरी-पेडण्याला एकटी राहते. मुलगा दुबईत, मुलगी बेंगळुरूला. तिची औषधं, विजेचं बिल, बँकेचं काम, नारळ उतरवणाऱ्याचे पैसे, सगळं शनिवारी होतं.

रस्ता बाबांना चाळीस वर्षं पाठ आहे. डिचोली, अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, धारगळ, पेडणे आणि मग किनाऱ्याकडे. पण पाठ असलेला रस्ताच बदलला. महामार्ग चौपदरी झाला, उड्डाणपूल आले, सर्व्हिस रोड आले. मोपाच्या मनोहर विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली आणि धारगळच्या आसपासची सगळी वळणंच नवी झाली. जिथे सरळ डावीकडे वळायचं तिथे आता आधी सर्व्हिस रोडला उतरावं लागतं. ते उतरणं हुकलं की पुढे बराच वेळ परत फिरता येत नाही. दिवसा हे निभतं. जुलैतल्या पावसात, समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत काचेवर फुटत असताना, निभत नाही.

मग बाबांनी फोनवर नकाशा लावायला सुरुवात केली. फोन मांडीवर. आई शेजारी बसून एक डोळा रस्त्यावर, एक डोळा फोनवर. शेवटी तिने मला आणि पुण्याला दादाला फोन करून सांगितलं, "आता त्यांच्याकडून किल्ली काढून घ्या." बाबांनी एवढंच विचारलं, "मग माझ्या बहिणीकडे जाणार कोण?" याचं उत्तर आमच्या दोघांकडेही नव्हतं. मी पर्वरीला नोकरी करते, माझे शनिवार बहुतेक ऑफिसातच जातात. टॅक्सीला बाबा तयार नाहीत. तेव्हा निदान फोन मांडीवरून उठून डोळ्यांसमोर तरी यावा, इथपर्यंत आम्ही आलो आणि गाडीतला जुना रेडिओ काढून नवा स्टिरिओ बसवायचं ठरलं.

एक हिशेब मी बाबांना कागदावर करून दाखवला होता. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६ ते १७ मीटर. मांडीवर दोन सेकंद पाहिलं तर गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि ते ३३ मीटर कुणीच पाहिलेले नसतात. कायद्याचंही आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या बदलानुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी वापरता येतं, तेही लक्ष विचलित न होता. मांडीवरचा फोन त्यात बसतो असं कुठलाही ट्रॅफिक पोलीस म्हणणार नाही.

म्हापशाला एका दुकानात गेलो. दुकानदाराने गाडीत डोकावून पाहिलं आणि बाबांना म्हणाला, "पात्रांव, डबल डिन आहे, काहीही बसेल." डिन हे जर्मनीच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं नाव. रेडिओच्या खाचेचं माप त्यांनी ठरवलं आणि ते जगभर चाललं. रुंदी १८० मिलिमीटर. उंची ५० असेल तर सिंगल, १०० असेल तर डबल. तुमची गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी असेल तर बहुधा यातलंच एक माप असेल. नव्या गाड्यांत स्क्रीन डॅशबोर्डमध्येच मिसळून टाकलेली असते. तिथे हा उद्योग अवघड होतो, मॉडेलनुसार वेगळी फ्रेम लागते आणि कधी कधी एसीची बटणंही त्याच स्क्रीनमध्ये अडकलेली असतात. तशी गाडी असेल तर हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा.

दुकानात मुख्यतः दोन जातींचा माल होता. एक म्हणजे नऊ-दहा इंची मोठी स्क्रीन, जी खरं तर डॅशबोर्डला चिकटवलेला अँड्रॉइड टॅबलेटच असतो. तिच्यात स्वतःची रॅम, स्वतःचं स्टोरेज, स्वतःची ॲप्स. दुसरी जात सात इंची, साधी. तिला स्वतःचं डोकं नाही. फोन जोडला की अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपल कारप्लेमधून फोनचाच नकाशा तिच्यावर दिसतो.

दादा व्हिडिओ कॉलवर होता. त्याचं मत दहा इंचीला. बाबांना अक्षरं मोठी दिसतील, फोन जोडायची कटकट नाही, आणि किंमतही कमी. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. तरीही मी सात इंचीच्या बाजूने होते. मोठ्या स्क्रीनच्या यंत्राला इंटरनेट लागतं, म्हणजे वेगळं सिम किंवा फोनचा हॉटस्पॉट. बाबांना हॉटस्पॉट सुरू करायला शिकवणं म्हणजे केबल जोडायला शिकवण्यापेक्षा दसपट काम. स्वस्त यंत्रांत खोक्यावर लिहिलेली रॅम आत असेलच असं नाही, आणि सेटिंगमध्ये दिसणारा आकडाही बदललेला असू शकतो. आतलं अँड्रॉइड दोन-तीन वर्षांत जुनं होतं आणि ॲप्स रखडू लागतात. साध्या स्क्रीनचं तसं नाही. नकाशा फोनमध्ये आहे, फोन बदलला की सगळं नवं होतं, स्क्रीन तीच राहते.

पण खरी गोष्ट बटणांची होती. दहा इंची स्क्रीनला एकही खरं बटण नव्हतं, आवाज कमी करायलासुद्धा काचेवर बोट टेकवायचं. सात इंचीतल्या एका मॉडेलला आवाजासाठी गोल फिरवायचा नॉब होता. बाबांनी न बघता हात पुढे केला, नॉब सापडला, फिरवला. तिथेच निम्मा निर्णय झाला. तुम्ही आई-वडिलांच्या गाडीसाठी काही घेत असाल तर त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवून, समोर बघत आवाज कमी करायला सांगा. जमलं नाही तर ते यंत्र त्यांच्यासाठी नाही, मग स्क्रीन कितीही मोठी असो.

तिसरी एक जुनी जात अजून मिळते. नकाशा आतल्या मेमरी कार्डावर भरलेला, फोनची गरजच नाही. ऐकायला छान वाटतं. पण कार्डावरचा नकाशा २०२२ चा असेल तर त्याच्या लेखी मोपाला विमानतळ सुरूच झालेला नाही. ज्या तालुक्यात रस्ते इतक्या वेगाने बदलतात तिथे न बदलणारा नकाशा काय कामाचा?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण आमच्या घरातल्या चर्चेतही तो दोन दिवस ठाण मांडून होता. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर वरून संकेत पाठवत असतात आणि तुमचं यंत्र ते फक्त ऐकतं. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र उतरवायला आणि पुढे गर्दी आहे का ते कळायला. म्हणून चोर्ला घाटात फोनची रेंज गेली तरी निळा ठिपका पुढे सरकत राहतो, फक्त त्याच्याखालचा रस्ता गायब होतो. उपाय सोपा आहे. घरच्या वायफायवर पूर्ण गोवा, सिंधुदुर्ग आणि बेळगावपर्यंतचा भाग फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवायचा. यंत्राबरोबर जीपीएसच्या अँटेनाची वेगळी डबी येत असेल तर ती डॅशबोर्डच्या वर, काचेखाली बसवायला सांगा. फिटर घाईत ती आतल्या लोखंडी पट्टीमागे सोडून देतात आणि मग ठिपका रस्ता सोडून शेतातून चालतो.

आता आवाज. दुकानात स्टिरिओ दाखवताना नेहमी एकच प्रकारचं गाणं लावतात, ज्यात ढोल इतका असतो की काच थरथरावी. खोक्यावर लिहिलेलं असतं '५० वॉट गुणिले ४'. हा क्षणभराचा कमाल आकडा. गाडी चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओहमचा. शाळेत शिकलेलं गणित केलं तर वेगळा ॲम्प्लिफायर नसताना एका स्पीकरला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त २५-२६ वॉट मिळू शकतात, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तेवढे छोट्या गाडीला भरपूर झाले. खोक्यावरच्या वॉटसाठी जास्त पैसे देण्यापेक्षा पुढचे दोन जुने स्पीकर बदला, फरक लगेच कळतो.

बाबांनी मात्र आपली परीक्षा स्वतः आणली होती. खिशातून पेन ड्राइव्ह काढला, त्यावर केसरबाई केरकरांचं जुनं ध्वनिमुद्रण. केसरबाई फोंड्याजवळच्या त्या तिसऱ्या केरीच्या. १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, म्हणजे गोव्यातल्या एका केरीचा आवाज सूर्यमालेच्या पलीकडे निघाला आहे आणि आम्ही मात्र दुसऱ्या केरीला पोचायला धडपडत होतो. दुकानातल्या पोराने कपाळाला आठ्या घातल्या. पण त्या जुन्या, खरखरीत मुद्रणातच कळलं की कुठल्या यंत्रात गळा स्वच्छ ऐकू येतो आणि कुठल्यात तो ढोलाखाली दबतो. शेवटी गाडीतला आवाज म्हणजे बराचसा माणसाचाच आवाज असतो, गाणं, बातम्या, रस्ता सांगणारी बाई, आणि आत्याचा फोन. (पहिल्या यंत्राने पेन ड्राइव्ह वाचलाच नाही. तसं झालं तर घरी कॉम्प्युटरवर तो 'फॅट ३२' प्रकारात फॉरमॅट करून पाहा. बरीच यंत्रं तेवढंच ओळखतात. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा गाणी आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.)

फिटिंगवर मी यंत्रापेक्षा जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवावा. पहिली अट, गाडीची मूळ वायर कापायची नाही. गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो, तो मध्ये जोडायचा. उद्या जुना रेडिओ परत बसवायचा झाला तरी दोन मिनिटांत बसतो. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेली वायर हे कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण. दुसरी, पिवळ्या रंगाच्या कपलरना कुणी हात लावायचा नाही. ते एअरबॅगचे असतात.

तिसरी गोष्ट बॅटरीची. बाबांची गाडी सोमवार ते शुक्रवार शेडमध्ये उभी असते. काही यंत्रं पटकन सुरू व्हावीत म्हणून गाडी बंद असतानाही अर्धवट जागी राहतात आणि हळूहळू करंट ओढत राहतात. बंद गाडीत सगळं मिळून ५० मिलीअँपिअरपर्यंत ओढलं जाणं चालतं. आठवड्याला साधारण ८ अँपिअर-तास झाले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, तेवढं ती सोसते. हेच २०० झालं तर एका आठवड्यात बॅटरी रिकामी, आणि शनिवारी सकाळी आत्याची औषधं डिचोलीतच. फिटिंग झाल्यावर गाडी लॉक करून अर्ध्या तासाने मल्टीमीटरने मोजून दाखवा, असं मी सांगितलं. फिटर हसला, पण त्याने मोजलं.

चौथी गोष्ट हँडब्रेकच्या वायरची. स्टिरिओची एक वायर हँडब्रेकला जोडायची असते, म्हणजे गाडी उभी असतानाच व्हिडिओ दिसतो. जवळजवळ प्रत्येक फिटर ती वायर सरळ बॉडीला जोडून टाकतो, "चालता चालता पण पिक्चर दिसेल." आमच्याही फिटरने विचारलं. बाबांनी माझ्याआधी उत्तर दिलं, "पिक्चर घरी टीव्हीवर बघतो आम्ही."

रिव्हर्स कॅमेरा घ्या. आत्याच्या घराकडची पाणंद दोन्ही बाजूंनी चिऱ्याच्या गडग्याची आहे आणि तिथे गाडी उलटीच काढावी लागते. मोतीबिंदूनंतर बाबांची नजर स्वच्छ झाली, पण मान पूर्वीसारखी वळत नाही. कॅमेऱ्याची काच मात्र आठवड्याला पुसावी लागते. डिचोलीच्या खाण पट्ट्यातली तांबडी धूळ ज्यांना माहीत आहे त्यांना याचं कारण सांगायला नको.

आता नावांकडे येते. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके, अठराव्या शतकाच्या शेवटी पोर्तुगीजांकडे गेलेले. नावं त्यांच्या कारकुनांनी आपल्या कानाने आणि आपल्या स्पेलिंगने लिहिली. 'ड' साठी त्यांच्याकडे अक्षर नाही म्हणून 'आर', शेवटच्या अनुस्वारासाठी 'एम', 'के' च्या जागी 'क्यू-यू'. त्यांना ते वाचता येत होतं. ते गेले, स्पेलिंग राहिलं. आता यंत्र तेच स्पेलिंग इंग्रजीच्या नियमाने वाचतं. पेडण्याचं पर्नेम होतं, साखळीचं सांक्वेलिम, हरवळ्याचं आर्व्हालेम, हरमलचं आरंबोल, हणजुण्याचं अंजुना. पहिल्या शनिवारी मी मुद्दाम मागच्या सीटवर बसले. कोलवाळच्या पुढे बाई गंभीर आवाजात काहीतरी म्हणाली. बाबांनी स्क्रीनकडे मान वळवली, "ही कुठल्या गावाबद्दल बोलतेय?" आणि हेच तर टाळायचं होतं. ओळखीचं नाव कानावर पडलं तर माणूस रस्त्याकडेच बघत राहतो, अनोळखी पडलं की डोळे आपोआप स्क्रीनकडे जातात.

मग त्या रात्री बसून बाबांच्या फोनमध्ये त्यांची ठिकाणं एकेक करून खूण लावून साठवली. 'आत्याचं घर'. 'धारगळ, सर्व्हिस रोडला उतरायचं'. 'पेडणे बाजार'. 'अस्नोड्याचा पेट्रोल पंप'. सगळी देवनागरीत, त्यांच्याच शब्दांत. केरी शोधायची गरजच उरली नाही, 'आत्याचं घर' वर एकदा बोट ठेवलं की झालं. आवाज मराठीत होतो का, तेही तुमच्या फोनवर यंत्र घेण्याआधी दुकानाबाहेर उभं राहून बघा. फोनवर एक भाषा आणि गाडीच्या स्क्रीनवर दुसरी, असंही होतं.

तुमच्यापैकी जे चवथीला किंवा डिसेंबरात गावी येतात आणि पर्नेम, आरंबोल हीच नावं ओळखतात, त्यांनी एकदा आजीला किंवा आत्याला शेजारी बसवून त्या वाटेने जावं. यंत्र एक नाव सांगेल, आजी दुसरं. माझ्या मावसभावाला हरमल आणि आरंबोल हे एकच गाव आहे हे बत्तिसाव्या वर्षी कळलं.

दादा अजून म्हणतो की दहा इंची घ्यायला हवी होती. चार महिन्यांत केबल दोनदा बदलावी लागली, एवढी तक्रार मीही मान्य करते. साधी चार्जिंगची केबल चालत नाही, डेटा जाणारी, चांगली आणि आखूड हवी. आई आता शेजारी बसून डोळे मिटते. परवा म्हापशाच्या बाहेर ती चक्क घोरत होती, असं बाबा सांगतात. ती नाकारते.

केरीहून पुढे तेरेखोलचा किल्ला पाहायला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. किल्ला गोव्यात असला तरी नदीच्या पलीकडे, जमिनीने महाराष्ट्राला जोडलेला आहे. नकाशा कधी केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने नेतो, कधी किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्याला वळसा घालतो. 'फेरी टाळा' अशी खूण सेटिंगमध्ये असते, ती आधी बघून घ्या. आणि फेरीबोट सुटायची वेळ नकाशाला नका विचारू, धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारा. भरती-ओहोटी त्यालाच ठाऊक असते.